पाच वाजताचं पाणी

मी खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, एकटी मुलगी घर सोडून कशी राहणार हेही विचारलं नाही. आधीच्या चार घरमालकांनी तेवढंच विचारलं होतं. हे ओट्यावर मांडी घालून बसले होते. अंगात बाह्यांचा पांढरा बनियन, चष्मा नाकाच्या शेंड्याशी आलेला. त्यांनी माझ्या डोळ्यांत जरा वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "रात्री जेवता किती वाजता?"

मी खरं ते सांगितलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर आहे, ड्यूटी बदलत असते, कधी सातला जेवते, कधी दहाला, कधी कंटाळा आला तर चहा पिऊन झोपते.

मालकांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा केला. मग आत तोंड करून बायकोला म्हणाले, "खोली देऊ या ह्यांना. ह्यांना गरज हाय."

अशी मी भवानी पेठेतल्या त्या घरात राहायला आले आणि पुढे चार वर्षं राहिले. मध्ये फरशीचं लहानसं अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ, नळाखाली मोरी आणि भोवती चार बिऱ्हाडं. एका बाजूला मालक आणि त्यांच्या मंडळी, त्यांना आम्ही काकू म्हणायचो. समोर अण्णा आणि अक्का. अण्णा चादरींच्या कारखान्यात मागावर होते, अक्का घरी बिड्या वळायची. ती दोघं आपसांत तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी. कोपऱ्यातल्या खोलीत प्राथमिक शाळेचे एक मास्तर, बायकामुलं गावाकडे ठेवून एकटे राहणारे. आणि चौथी मी, सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली मॅट्रिक.

मालक मूळचे वैरागचे. अठ्ठावीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरायचं, कागदाची पट्टी कातरून तिला खाचा पाडायच्या आणि ती बाटलीला डकवून एका वेळी एक खाच प्यायला सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी कातरी हातातून सुटली नव्हती. घरातल्या तेलाच्या बाटलीला, रॉकेलच्या डब्याला, देवघरातल्या तीर्थाच्या भांड्यालासुद्धा खाचांची पट्टी लावलेली असे.

दवाखान्यात त्यांच्यापुढे निम्मी रांग गिरणी कामगारांची असायची. तिथेच त्यांना ती गोष्ट दिसली. मला त्यांनी ती पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि पुढे बऱ्याचदा.

"रातपाळीचा गडी आठवड्यात पोट धरून यायचा. त्याच गड्याला दिवसपाळी लागली की दोन दोन महिने तोंड दावायचा न्हाय. डॉक्टर म्हणायचे, तिखट कमी खा. आता बघा, तिखट तेच, गडी तोच. मंग बदललं काय? येळ."

एवढ्या एका निरीक्षणावर त्यांनी सगळा डोलारा उभा केला होता. माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं, आणि ते उजव्या बरगडीखाली असतं, लिव्हरमध्ये. त्यांच्या हिशेबी हृदय म्हणजे नुसता पंप आणि पोट म्हणजे शिपाई. काम सगळं लिव्हर करतं, तेही वेळेवर करतं, आणि माणूस अवेळी खाऊन त्याचा अपमान करतो. मालक चालताना उजवा हात बरगडीखाली ठेवून चालत. लांबून बघणाऱ्याला वाटे, ह्यांना तिथे दुखतंय. तसं काही नव्हतं. आपण पाठीवर हात ठेवून एखाद्याला सोबत नेतो, तसे ते लिव्हरला घेऊन फिरायचे.

कुणी भेटलं की 'काय, कसं काय' म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते सरळ पुढे होऊन अंगठ्यानं समोरच्याची खालची पापणी ओढायचे आणि डोळ्यातलं पांढरं बघायचे. पोस्टमन, दूधवाला, कुणीही त्यातून सुटला नव्हता. एकदा आमच्या सुपरवायझरबाई काही कामानं माझ्याकडे आल्या. एक्सचेंजमधल्या आम्ही वीस जणी त्यांच्या सँडलच्या आवाजालाही घाबरायचो. त्या दारात आल्या आणि मी 'या' म्हणायच्या आत मालकांनी त्यांची पापणी खाली ओढली. बाई आभाळाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. "पांढरं सोच्छ हाय," मालकांनी निकाल दिला, "पण झोप कमी पडती." मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. बाई कामाचं बोलून निघून गेल्या. पण चार दिवसांनी मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं की तुझे मालक झोपेसाठी काय करायला सांगतात.

वेळ ओळखण्याचा त्यांना भारी अभिमान. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते काकूंसाठी. गिरणीचा भोंगा झाला की सगळी पेठ हातातलं काम टाकून घड्याळ लावून घ्यायची. मालक म्हणायचे, तो भोंगा गिरणीसाठी हाय, आपल्यासाठी न्हाय. मी ड्यूटीवरून आले की ते मला अडवून म्हणायचे, "किती वाजले? थांबा, सांगू नका." मग बरगडीखाली हात, डोळे बंद. "चार वीस." माझ्या घड्याळात चार बावीस झालेले असत. मी तसं सांगितलं की ते शांतपणे म्हणायचे, "एक्सचेंजला कळवा. तुमी दोन मिनिटं पुढं हाय."

त्यांचं स्वतःचं दुपारचं जेवण अकराला. अकरा म्हणजे अकरा. पुतणीच्या लग्नाची गोष्ट काकूंनी मला सांगितली तेव्हा इतक्या वर्षांनंतरही त्यांनी पदर तोंडावर घेतला होता. लग्न मुलाकडच्यांच्या दारी, मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे पंगत बसायला तीन तरी वाजणार. अकराला मालकांनी मांडवात, पहिल्या रांगेत, मांडीवर डबा उघडला. भाकरी आणि दोडक्याची भाजी. नवऱ्या मुलाचे वडील धावत आले. नवरीकडची माणसं घरून डबा आणतात म्हणजे आमच्या जेवणावर विश्वास नाही का, असं त्यांचं म्हणणं. मालक घास गिळून म्हणाले, "पाहुणं, लग्न तुमचं-आमचं दोघांचं हाय. लिव्हर माझं एकट्याचं हाय." काकू म्हणाल्या की पुढे भांडण पेटलंच असतं, पण तेवढ्यात पहाटेपासून उपाशी असलेले नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत आले, मालकांशेजारी बसले आणि त्यांनी अर्धी भाकरी उचलली.

भाडेकरूंसाठी मालकांनी एक जाड वही केली होती. प्रत्येक बिऱ्हाडाला पानं वाटून दिलेली. कोण किती वाजता उठलं, किती वाजता जेवलं, किती वाजता दिवा मालवला. वेळेवर झालं तर निळी शाई, चुकलं तर लाल. अण्णा-अक्कांची पानं निळीशार. मास्तरांची निळी, त्यात रविवारचे चार ठिपके लाल. काकूंचं पान तर असं निळं, की मालक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. आणि माझं पान बघितलं की कुणीतरी त्यावर कुंकवाची डबी सांडलीय असं वाटे. मालक रागवायचे नाहीत. फक्त महिन्याच्या शेवटी वही माझ्यापुढे धरून म्हणायचे, "टेलिफोनबाई, तुमचं लिव्हर एक दिवस राजीनामा देईल बघा."

या सगळ्यात मुख्य होतं ते पाच वाजताचं पाणी. नळाला पाणी पहाटे पाच ते सहा. मालकांचं म्हणणं असं की लिव्हर रात्रभर साफसफाई करतं आणि पाचला काम आवरतं. त्याच क्षणी, तोंडही न धुता, नळाचं पहिलं ताजं पाणी एक तांब्याभर प्यायलं की सगळी घाण वाहून जाते. माठातलं शिळं पाणी चालणार नाही. म्हणून पाचला अंगणात रांग लागे. अंधारात मालक नळापाशी उभे राहून तांब्याचे तांबे भरून देत. पहिला तांब्या काकूंचा, त्या तो घेऊन आत जात. देवापुढे बसून पितात, असं मालक कौतुकानं सांगत. मग अण्णा, मग अक्का, मग मास्तर, शेवटी मालक स्वतः. अक्काला दिवस गेले तेव्हापासून तिला दोन तांबे. "आता दोन लिव्हर हायेत," मालक म्हणायचे. "बाळाचं घड्याळ आत्ताच लागतंय." अक्का बिचारी दुसरा तांब्या डोळे मिटून, दोन-तीनदा थांबून संपवायची. पण संपवायची.

मी त्या रांगेत कधी उभी राहिले नाही. पाचला उठणं मला जमायचं नाही. मी पावणेसहाला डोळे चोळत यायची आणि धार बारीक होत आली की माझी घागर भरून घ्यायची.

आणि सकाळची ड्यूटी असेल तेव्हा मी मागच्या दारानं काकूंकडे चहा प्यायची. रिकाम्या पोटी चहा हा मालकांच्या राज्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. पण मालक पाच ते सहा नळापाशी असत, आणि काकू तेवढ्या वेळात न्हाणीघरातल्या बंबाच्या निखाऱ्यावर छोटं पातेलं ठेवत. आलं घातलेला, दाट, गोड चहा. आम्ही दोघी उकिडव्या बसून बशीनं प्यायचो. त्या मला म्हणाल्या होत्या, "बोलू नकोस हं कुठे." मी बोलले नाही. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी कानावर पडायची नोकरी होती माझी. पोटात ठेवायची सवय होती.

अक्काला दिवस गेले त्या वर्षी फाल्गुनात मालकांनी मोरी मोठी करून घेतली. रांगेतल्या माणसांना उभं राहायला जागा पुरत नाही म्हणून. गवंडी आणून जुनी फरशी उखडली, नवी शहाबादी बसवली. काम चांगलं झालं होतं. मालकांनी गवंड्याची पापणी ओढून बघितली आणि त्याला सकाळी लवकर उठायला सांगितलं.

वैशाख सरता सरता मास्तरांना ताप आला. अन्नाचा वास नको झाला, उलट्या झाल्या, आणि पाचव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. त्यांचा भाऊ येऊन त्यांना गावी घेऊन गेला. कुणी उसाच्या रसाला नावं ठेवली, कुणी बर्फाच्या गोळ्याला. दहा दिवसांनी अण्णांचे डोळे पिवळे झाले.

मालक हादरले. मास्तरांचं ते समजू शकत होते, चार लाल ठिपके होते. पण अण्णांचं पान स्वच्छ होतं. एक दिवसभर ते वही घेऊन बसले आणि संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाले, "अण्णा, कावीळ म्हंजे लिव्हरचा राग. उगं येत न्हाय. कारखान्यातनं येताना तुमी बाहेर खाता. रातच्याला. वहीत सांगत न्हाय तुमी."

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. अंगात ताकद नव्हती. ते म्हणाले, "नाही मालक."

"वही खोटं बोलत न्हाय. माणूस बोलतो."

अण्णा उठले, भिंत धरत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी मालकांशी बोलणं टाकलं. मालकांना ते लागलं असावं, पण ते स्वतःच्या म्हणण्याला चिकटून राहिले. पहाटेची रांग चालूच होती. आता तिच्यात काकूंखेरीज अक्का आणि मालक, दोघंच.

मग अक्काही काविळीनं पडली. आठवा महिना. तिला सरकारी इस्पितळात नेलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. म्हणाले, एरवी कावीळ विश्रांतीनं बरी होते, पण या महिन्यात आईलाही धोका असतो आणि मुलालाही. आठ-दहा दिवस काही सांगता येणार नाही. अण्णा स्वतः अजून पुरते सावरले नव्हते. ते बाकावर बसले ते उठेचनात.

मी घरी येऊन मालकांना हे सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी सवयीनं माझी पापणी ओढली. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला आणि मला दिसलं ते मी बोलून गेले. "मालक, तुमचे डोळे."

सगळ्या पेठेचे डोळे तपासणाऱ्या माणसाचे डोळे तपासायला कुणी नव्हतं. ते आत आरशापाशी गेले, बराच वेळ तिथे उभे राहिले आणि मग अंथरुणावर जाऊन पडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. छातीवर वही उघडी होती. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

"बाई, खरं सांगा. भूक लागती?"

"लागते."

"मळमळ, ताप, कायबी?"

"काही नाही."

त्यांनी माझं पान काढलं. "हे समदं लाल हाय. आन् तुमी ठणठणीत. ज्यांची पानं निळी, ती माणसं पिवळी." ते थांबले. त्यांना बोलायला दम लागत होता. "आमी समद्यांनी मिळून असं काय केलं जे तुमी केलं न्हाय? एकच हाय. पाचचं पाणी."

हे त्यांच्या तोंडून यायला किती जड गेलं असेल, ते दिसत होतं.

"पन मंग ही," त्यांनी काकूंकडे बोट केलं आणि त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. "हिनं एक दिवस चुकवला न्हाय. पैला तांब्या हिचा. हिला काय झालंय? कायबी न्हाय. म्हंजे पाण्यात दोष न्हाय. अण्णा न्हाय तर अक्का, कुणीतरी बाहेरचं खाल्लंय." ते उठून बसले. "उद्यापासनं रांग चालू ठिवायची. अक्का बरी होऊन आली की तिलाबी."

मी काकूंकडे पाहिलं. मला माहीत होतं ते सांगितलं असतं तर सगळं तिथेच उलगडलं असतं. पण ते माझं गुपित नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत पुढे आल्या.

"मी ते पाणी तसं पीत नाही," त्या म्हणाल्या.

"तसं म्हंजे?"

"चहा करते त्याचा."

मालकांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "कवापासनं?"

"तुम्ही पाण्याचा नियम काढलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." मग त्यांना वाटलं असावं की हे फारच झालं, म्हणून पुढे म्हणाल्या, "पाणी तेच असतं हो. मी फक्त उकळते."

अठ्ठावीस वर्षं रोज दवाखान्यात पाय ठेवल्यावर मालकांचं पहिलं काम असे ते सुया उकळायचं. उकळते हा शब्द ऐकल्यावर त्यांना पुढचं कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वही त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. एवढंच म्हणाले, "आन् मी तुझं पान लोकांना दावत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाचला उठवलं. चार वर्षांत तेवढ्या एका दिवशी मी पाचला नळावर होते. काचेच्या दोन बरण्या. एकीत पहिली धार, दुसरीत पाऊण तासानंतरची. उजाडल्यावर दोन्ही ओट्यावर ठेवल्या. दुसरीतलं पाणी नितळ होतं. पहिलीत गढूळ झाक होती, तळाशी काळं काहीतरी बसलं होतं आणि नाक जवळ नेलं की मोरीचा वास येत होता. इतके महिने सगळ्यांनी ते अंधारात, तांब्याच्या भांड्यातून प्यायलं होतं. दिसणार कसं?

मालक पहार शोधायला लागले. त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. मी ती त्यांच्या हातातून घेतली. माझं लहानपण ओढ्याच्या कोरड्या पात्रात झरे उकरण्यात गेलं आहे. खणायचं मला काही वाटत नाही. साडी खोचली आणि नवी शहाबादी उचकटली. हातभर खाली नळाचा पाइप लागला. मोरीचं काम करताना त्यावर घाव बसून जोड निसटला होता, आणि तो जोड मोरीच्या झिरपलेल्या पाण्यात बुडालेला होता. नळ बंद असताना रिकामा पाइप ती घाण ओढून घ्यायचा. पाचला पाणी सुटलं की पहिल्या पाच-सहा तांब्यांत ती सगळी बाहेर पडायची. त्यानंतर स्वच्छ.

मालक खड्ड्याच्या कडेला बसले. "मी पाजलं," म्हणाले.

त्याच दिवशी ते इस्पितळात गेले. काकूंनी अडवलं, मी अडवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. टांग्यातून गेले, बरणी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं आणि बाहेर बाकावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अण्णा होते. मी पेजेचा डबा घेऊन उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"अण्णा," मालक म्हणाले, "नळ माझा, मोरी माझी, नियम माझा. तुमच्या बायकोला दोन तांबे मी पाजले. तुमाला भर अंगणात बोललो ते चुकीचं बोललो."

अण्णांनी वर पाहिलं नाही. "तिला बरं वाटू दे आधी," ते म्हणाले.

अकरा दिवस मालक रोज त्या बाकावर जाऊन बसत होते. स्वतः पिवळे, हात बरगडीखाली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या पापणीला हात नाही. काकू डबा पाठवायच्या, तो कधी बाराला उघडायचा, कधी तसाच परत यायचा. पहिले पाच दिवस अक्का ग्लानीत होती. सहाव्या दिवशी तिनं मुरमुरे मागितले. डॉक्टर हसल्याचं त्या दिवशी मी प्रथम पाहिलं. पुढे पंधरा दिवसांनी तिला मुलगी झाली. अंगानं लहान, पण रडणं असं की वॉर्डाच्या बाहेर ऐकू यावं.

अक्का घरी आली त्या दिवशी मालकांनी अंगणात सगळ्यांना बोलावलं. मास्तरही बरे होऊन परतले होते. जिथे उभं राहून अण्णांना बोलले होते तिथेच उभं राहून त्यांनी आपली चूक पुन्हा सांगितली, एकही शब्द न गाळता. पाइप नवा घातला, मोरीपासून दूर, भिंतीवरून वरवर. रांग बंद झाली. वही पुन्हा दिसली नाही.

मालक बदलले असं मात्र कुणी समजू नये. आता त्यांनी पाणी उकळण्याचा नियम काढला. अंगणात रोज मोठं पातेलं चढे, बुडबुडे आल्यापासून ते मिनिटं मोजत आणि प्रत्येकाच्या माठाला खाचांची पट्टी लावून जात. लिव्हरच्या घड्याळावरचा विश्वासही तसूभर हलला नाही. आणि मला कबूल केलं पाहिजे की त्यात ते अगदीच चुकले नव्हते. पुढे मी पोटाच्या त्रासानं हैराण झाले तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या ड्यूट्या विचारल्या आणि जेवणाच्या वेळा बांधून दिल्या. मालकांनी सांगितलेल्याच वेळा होत्या. बाईंनी पापणी तेवढी ओढली नाही.

अण्णांचं काय, ते राहिलं. ते कामापुरतं बोलू लागले होते. 'मालक, नळ आला', 'मालक, भाडं घ्या', एवढंच. मालकांनी दोनदा माफी मागितली होती, तिसऱ्यांदा कशी मागणार? मुलगी मात्र दिवसभर मालकांच्या मांडीवर असायची. ती वेळी-अवेळी दूध मागे, वेळी-अवेळी झोपे, आणि मालक तिला काहीही म्हणत नसत.

ती सहा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मालक तिला घेऊन ओट्यावर बसले होते, मी दारात तांदूळ निवडत होते. अण्णा कारखान्यातून आले, पण घरात गेले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले.

"मालक, एक सांगायचं होतं."

"बोला की."

"तुम्ही म्हणालात ना तवा, मी बाहेर खातो म्हणून." अण्णांनी चपलेचा अंगठा सोडला. "खाल्लो होतो की. भजी. दोनदा."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"नाही म्हणालो तुम्हाला. नंतर बायको पडली. मला वाटलं, मी खोटं बोललो म्हणून झालं हे सगळं. मग तुम्हीच माफी मागायला लागलात. मी काय बोलू?"

मालकांनी मुलीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता लिव्हरवर व्याख्यान होणार. त्यांनी विचारलं, "कुटली?"

"गिरणीच्या कोपऱ्यावरची."

"किती वाजता?"

"साडेनऊ असतील."

मालकांनी डोळे मिटले, सहन केलं, उघडले. "गरम असत्यात का?"

"गरमच असतात की," अण्णा म्हणाले.

मुलगी मालकांचा चष्मा ओढत होती आणि ते तिला ओढू देत होते.

पुढच्या शनिवारी माझी ड्यूटी पाचला सुटली. गिरणीच्या कोपऱ्याशी आले तर भज्यांच्या गाड्यापाशी दोघं उभे. अजून उजेड होता, म्हणजे वेळ मालकांनीच ठरवली असणार. अण्णांच्या हातात वर्तमानपत्राचा कागद, त्यावर भजी, आणि मालक त्यातलं एकेक उचलून, फुंकर घालून, फार काळजीपूर्वक खात होते. मग त्यांनी तळलेली मिरची उचलली. अण्णांनी नको म्हणून हात हलवला, पण तोवर ती तोंडात गेली होती. मालकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि अण्णा गाड्याला धरून हसत होते. त्यांना इतकं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी हाक मारली नाही. रस्त्याच्या पलीकडच्याच बाजूनं घरी आले. काकू दारातच होत्या. वाटेत हे कुठे दिसले का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही बाई, कुणीच नाही दिसलं."